भाताचें शेत, त्यावरील कीड आणि आपल्या जवळच्या शेतीशाळा

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. एक वर्ग ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील इमारतींतून येणारा. दुसरा मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या तालुक्यांतील खेड्यांतून पहांटेच्या एस्. टी.नें किंवा लोकलनें येणारा. पहिल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं गांवाकडे वडिलोपार्जित शेत आहे, पण तें दुसराच कोणी कसतो. दुसऱ्या वर्गांतील मुलें आषाढांत स्वतः चिखलांत उभीं राहून आवण लावतात, आणि त्या आठवड्यांतील त्यांच्या गैरहजेरीचें कारण वर्गशिक्षक विचारीत नाहींत. दोन्ही घरांतील वडीलधारीं माणसें आमचें हें वार्षिक वाचतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून यंदा व्याकरण व काव्य बाजूस ठेवून भातावरील किडीसंबंधीं, आणि त्या किडीविषयीं खात्रीचें ज्ञान आपल्या जिल्ह्यांत व शेजारीं कोठें मिळतें त्यासंबंधीं, चार गोष्टी लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही शेतकीचे पदवीधर नव्हों. आमचा विषय मराठी. तेव्हां हें काम आमच्याकडे कसें आलें तें आधीं सांगितलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं भाद्रपद महिन्यांत, मधल्या सुटीनंतर, इयत्ता नववीच्या वर्गांत एक मुलगा बाटलींतून पाणी पीत होता. बाटली जाड, पांढऱ्या रंगाची व निमुळत्या मानेची होती. तिच्यावरील कागद खरवडून काढलेला होता; पण तळाजवळ त्याचा एक तुकडा चिकटून राहिला होता, आणि त्यावर तिरप्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग पिवळा दिसत होता. आम्हीं ती बाटली त्याच्या हातांतून काढून घेतली. मुलगा गोंधळला. "सर, तीन वेळां राखेनें घासली आहे. वाससुद्धां येत नाहीं," असें तो म्हणाला. त्याचें कांहीं वाईट झालें नाहीं, ही देवाची कृपा. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, याचें कारण निराळें होतें. कीटकनाशकाच्या बाटलीवरील तो कागद मराठींतही छापलेला असतो. जो मुलगा आमच्याजवळ मराठी वाचन शिकत होता, आणि ज्यास त्यांत चांगले गुण पडत होते, त्यानेंच तो कागद एक अक्षरही न वाचतां नखानें खरवडून टाकला होता.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्याच्या गांवीं गेलों. वडिलांनीं शेत दाखविलें. भात निसवलें होतें, पण मधूनमधून लोंब्या पांढऱ्या व ताठ उभ्या होत्या. हातांत घेतल्या तर आंत दाणा नाहीं. "दुकानवाल्यानं दिलं ते मारलं, सर. तीन जातींचं मिसळून मारलं. तरी पळींज ती पळींजच," असें ते म्हणाले. फवारा त्यांनीं उघड्या अंगानें, तोंडास फडकें न लावतां, वाऱ्याच्या तोंडाशीं उभें राहून मारला होता. खेड्यांत या वस्तूस 'औषध' म्हणतात. आणि औषध म्हटलें म्हणजे तें थोडें अधिक घेतलें तर गुण लवकर येतो, असेंच कोणासही वाटणार. तिला पहिल्यापासून विष म्हटलें असतें, तर माणसें निराळीं वागलीं असतीं असें आम्हांस वाटतें.

त्या तिरप्या चौकोनाची भाषा प्रत्येक विद्यार्थ्यास आली पाहिजे, म्हणून ती येथें देतों. खालच्या त्रिकोणाचा रंग तांबडा असला तर आंतील द्रव्य अत्यंत जहाल. वर कवटी व दोन हाडें काढलेलीं असतात. पिवळा असला तर त्याखालोखाल. निळा त्याहून कमी. हिरवा सर्वांत सौम्य. हिरव्याचा अर्थ निर्धोक असा नव्हे. बाटलीसोबत घडी घातलेलें एक पत्रक असतें. त्यांत कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठीं तें आहे, पाण्यांत किती मिसळावें, फवारल्यापासून कापणीपर्यंत किती दिवस जाऊं द्यावे, विषबाधेचीं लक्षणें कोणतीं, डॉक्टरानें कोणता उतारा द्यावा, हें सारें छापलेलें असतें. रिकामी बाटली फोडून वस्तीपासून दूर पुरावी, असा नियमच आहे. आपल्या देशांत कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालीं झाला. त्याच्या मागें १९५८ सालची केरळांतील दुर्घटना होती. पॅराथिऑन नांवाचें विष जहाजांतून येतांना धान्याच्या पिठांत मिसळलें, आणि तें खाऊन शंभरांवर माणसें मेलीं. कायदा झाला, कागद छापले गेले, आणि तरीही २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारा मारतांना विष अंगांत भिनून वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. यवतमाळ दूर आहे असें कोणी म्हणेल. ती पांढरी बाटली आमच्या वर्गांत, तिसऱ्या बांकावर होती.

आतां त्या तीन जातींच्या मिश्रणानें कां गुण आला नाहीं, तें पाहूं. त्यासाठीं किडीचें चरित्र ठाऊक हवें.

भाताच्या खोडकिड्याचा पतंग लहान व पिवळट असतो. मादीच्या पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. ही खूण एकदां पाहिली म्हणजे विसरत नाहीं. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालते आणि त्यांवर आपल्या अंगावरील पिवळट केस पसरते, त्यामुळें तो पुंजका लोंकरीचा बारीक तुकडा पानावर चिकटल्यासारखा दिसतो. सुमारें आठवड्याभरांत अंडीं फुटतात. बाहेर पडलेली अळी थोडा वेळ पानावर भटकते, मग खोडास भोंक पाडून आंत शिरते आणि आंतला गाभा खात राहते. रोप लहान असतां ती शिरली तर मधला पोंगा सुकतो. तो चिमटींत धरून ओढला कीं सहज हातांत येतो. यास गाभेमर म्हणतात. यावेळीं शेतकऱ्यानें घाबरून जाऊं नये, कारण रोपाला अजून नवे फुटवे येतात व बरीच भरपाई होते. परंतु पीक पोटरींत असतां अळी शिरली, तर लोंबीस पोसणारा रस खालींच तुटतो आणि लोंबी पांढरी, रिकामी बाहेर पडते. हीच पळींज. पळींज डोळ्यांस दिसूं लागली म्हणजे त्या लोंबीचा निकाल लागलेला असतो. आणि अळी खोडाच्या आंत, जेथें वरून मारलेला फवारा पोंचत नाहीं तेथें, बसलेली असते. त्या सद्‌गृहस्थांचे तीन बाटल्यांचे पैसे असे गेले. गाभेमर दिसत होती तेव्हां, श्रावणांत, त्यांनीं शेतांत पाहिलें नव्हतें. आणि पळींज दिसली तेव्हां पाहून उपयोग नव्हता.

याच चरित्रांतून उपाय निघतात, व त्यांतील पुष्कळ उपायांना पैसा पडत नाहीं. अंडीं पानाच्या शेंड्यावर असतात, म्हणून लावणीच्या वेळीं आवणाचे शेंडे कापून ते नष्ट करावे. अंड्यांचे पुंजके त्यांबरोबर जातात. पतंग रात्रीं दिव्याकडे धांवतो, म्हणून प्रकाशसापळा लावला कीं पतंग केव्हां निघाले हें कळतें. नर पतंगास मादीच्या गंधानें फसविणारे कामगंध सापळे मिळतात. नर पकडून किडीची वाढ रोखावयाची तर ते हेक्टरीं २० लावावे असें सांगतात. ट्रायकोग्रामा नांवाची गांधीलमाशीच्या कुळांतील एक अतिसूक्ष्म माशी खोडकिड्याच्या अंड्यांत आपलें अंडें घालते. तिचीं अंडीं चिकटविलेलीं कार्डें शेतांत टांचून ठेवतां येतात. इतकें करूनही दर चौरस मीटरांत एक अंडीपुंज आढळला, किंवा शंभरांत पांच फुटवे गाभेमर झालेले दिसले, तर मात्र कीटकनाशकाचा विचार करावा. या शेंकडा पांचाच्या हिशेबास शेतकी शास्त्रांत मोठें महत्त्व आहे. आमच्या गणिताच्या गुरुजींनीं तो ऐकतांच वर्गास शतमानाचें उदाहरण म्हणून दिला. शेतांत जाऊन मोजणें हें त्याचें खरें उत्तर.

सर्वांत स्वस्त उपाय कापणीच्या वेळचा आहे. हंगाम संपतांना अळी खोडाच्या बुडाशीं उतरते आणि धसकटांत पुढील पावसाळ्यापर्यंत निजून राहते. विळा जमिनीलगत चालविला व मागाहून धसकटें नांगरून गोळा केलीं, तर पुढील वर्षाची निम्मी भांडणें तेथेंच मिटतात. कंबर दुखते, ही गोष्ट खरी.

इतर किडी आम्ही थोडक्यांत सांगतों. सुरळींतील अळी पान कापून त्याची नळी करते व तींत बसून पाण्यावर तरंगते. दोघांनीं दोन बांधांवर उभें राहून पिकावरून दोर ओढावा म्हणजे सुरळ्या पाण्यांत पडतात. मग पाणी एका तोंडाशीं काढून त्या गोळा कराव्या. हें काम शाळेंतील मुलें फार आनंदानें करतात. निळे भुंगेरे पानाचा हिरवा थर खरवडून पांढऱ्या रेघा पाडतात. युरिया वाजवीपेक्षां अधिक घातलेल्या शेतांत त्यांचा मुक्काम वाढतो. मुठे बांधास बिळें पाडून पाणी घालवितात. त्यांचा बंदोबस्त कसा करावा हें मुरबाडच्या मुलांस आम्हीं शिकविण्याची गरज नाहीं, त्यांच्या घरच्या कालवणावरून तें दिसतें. लष्करी अळी मात्र थट्टेची नव्हे. ती दिवसा चुडांच्या बुंध्याशीं व ढेंकळांत लपते आणि अंधार पडल्यावर वर चढून पिकलेल्या लोंब्या कुरतडून खालीं पाडते. हातातोंडाशीं आलेलें पीक दोन-तीन रात्रींत जमिनीवर पडलेलें दिसतें. तिच्यासाठीं शेतकी खात्याच्या पत्रकांतून जे उपाय देतात त्यांत एक असा असतो, कीं शेतांतील बेडूक जपावे. हें वाचून आमच्या वर्गांत हंशा पिकला होता. पण आपल्या देशांतून बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेस हजारों टनांनीं पाठविल्या जात असत; शेतांतले बेडूक नाहींसे होऊन किडी माजतील, या भीतीनें सरकारनें ती निर्यात १९८७ सालीं बंद केली. बेडूक हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. त्याच पंक्तींत कोळी, चतुर व कित्येक भुंगेरे येतात.

याच राखणदारांची ओळख पटविण्यासाठीं 'शेतीशाळा' नांवाची पद्धति निघाली, आणि तिचा जन्म भाताच्याच देशांत झाला. इंडोनेशियांत भातावरील तुडतुड्यांनीं कहर केला होता. जितकें विष अधिक तितके तुडतुडे अधिक, असा उलटा प्रकार तेथें दिसला. कारण विषानें कोळी आधीं मरत व तुडतुडे मागाहून निर्धास्तपणें वाढत. १९८६ सालीं तेथील अध्यक्षांनीं भातावर वापरण्याचीं ५७ कीटकनाशकें एका फर्मानानें बंद केलीं, आणि १९८९ सालापासून शेतकऱ्यांच्या शाळा शेतांतच भरूं लागल्या. पंचवीस-तीस शेतकरी आठवड्यास एकदां एका शेतांत जमतात, चूड उघडून पाहतात, कोणते कीटक पिकाचे वैरी व कोणते मित्र हें मोजून कागदावर चित्र काढतात, आणि मग फवारा मारावयाचा कीं नाहीं तें आपसांत ठरवितात. फळा नाहीं, छडी नाहीं. ही पद्धति पुढें पुष्कळ देशांत गेली. आपल्या राज्याचें कृषि खातेंही शेतीशाळा भरवितें. त्याशिवाय २००९ सालापासून 'क्रॉपसॅप' या योजनेखालीं ठरलेल्या शेतांतील कीड ठराविक दिवशीं मोजून सल्ला देण्याची व्यवस्था आहे. आपल्या गांवीं शेतीशाळा कधीं व कोणाच्या शेतांत आहे, हें कृषि सहायकास विचारावें. मुलांनीं जावें, मुलींनीं अवश्य जावें, कारण लावणी त्यांच्या आयांच्या हातची असते.

आतां ठिकाणांविषयीं. कल्याणहून लोकलनें सुमारें सत्तेचाळीस किलोमीटर गेलें कीं कर्जत येतें. तेथें १९१९ सालीं भात संशोधनाचें केंद्र निघालें. तें आतां दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाकडे आहे; विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची. कर्जत हें नांव आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडीं बियाण्याच्या पिशवीवरून असतें. 'कर्जत १८४' ही जात १९७१ सालीं निघाली, पुढें 'कर्जत ३', 'कर्जत ७' अशा जाती आल्या, आणि 'सह्याद्रि' हें संकरित भातही तेथलेंच. परंतु त्या पिशवीवरचें गांव आपल्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनाचें आहे, आणि तेथें जाऊन प्रश्न विचारतां येतो, हें आमच्या किती पालकांस ठाऊक आहे? आम्ही वर्ग घेऊन गेलों तेव्हां एका मुलानें रुमालांत बांधून आणिलेले सुकलेले पोंगे बाहेर काढले. त्याला उत्तर मिळालें, व एक प्रश्नही मिळाला : "शेतांत किती चुडांवर आहे, मोजलेंस का?" त्यानें मोजलें नव्हतें. परतीच्या गाडींत तो गप्प होता.

दुसरें ठिकाण कोसबाड. डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेंकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचें कृषि विज्ञान केंद्र १९७६ सालापासून आहे. देशांतलें पहिलें असें केंद्र पांडिचेरीस १९७४ सालीं निघालें, यावरून कोसबाडचें केंद्र किती जुनें हें कळेल. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर तें त्या जिल्ह्यांत गेलें. ज्ञानास जिल्ह्याची हद्द नसते, पण भाड्यास असते, म्हणून कल्याणकडील लोकांस कर्जतच सोयीचें. ज्यांस प्रवासच शक्य नाहीं त्यांच्यासाठीं किसान कॉल सेंटर २००४ सालीं सुरू झालें. १८००-१८०-१५५१ हा त्याचा विनामूल्य क्रमांक असून मराठींत बोलतां येतें. फोन करण्यापूर्वीं लावणीची तारीख, भाताची जात, घातलेलीं खतें व किडीचें वर्णन कागदावर लिहून घ्यावें, नाहीं तर संभाषण "कीड पडली आहे" व "कोणती?" येवढ्यावरच संपतें.

नेरळजवळ सगुणा बाग म्हणून शेत आहे. तेथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं भाताची एक निराळीच पद्धति बसविली : नांगरणी नाहीं, चिखलणी नाहीं, लावणी नाहीं, कायमच्या गादीवाफ्यांवर दाणे टोंचावयाचे आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच कुजूं द्यावयाचीं. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल, कीं वर आम्हीं सांगितलेला धसकटें नांगरून काढण्याचा सल्ला आणि ही पद्धति यांचा मेळ बसत नाहीं. असे प्रसंग शेतींत येतात. एकाच्या जमिनीची धूप थांबवावयाची असते, दुसऱ्याच्या शेतांत खोडकिडा दरसाल बसतो. दोन्ही ठिकाणीं जाऊन पाहावें आणि आपल्या शेतास कोणतें लागू पडतें तें विचारून घ्यावें.

विद्वान आणि शेतकरी यांच्यांतील असा वाद आपल्या ठाणें जिल्ह्यांत फार जुना आहे. रोपें करण्यापूर्वीं जमिनीवर शेण, पातेरा व झाडांचे कवळ पसरून राब भाजण्याची चाल येथली. १८८२ सालीं छापलेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत ती वर्णिली आहे. जंगल खात्यास हें झाडें तोडणें खपेना. शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, कीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांसंबंधीं चौकशी करण्यास मुंबई सरकारास १८८५ सालीं एक कमिशन नेमावें लागलें. पुढें विलायतेहून डॉ. व्होल्कर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ आले, आणि १८९३ सालीं निघालेल्या त्यांच्या शेतकीवरील ग्रंथांत राबाचा विचार केला गेला. १९१२ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला : माती भाजल्यानें तिच्यांत काय फरक पडतो, याचा शोध त्यांनीं प्रयोगशाळेंत केला. अडाणी म्हणून हिणविलेली शेतकऱ्याची रीत समजून घेण्यास शास्त्रज्ञ बसले, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. आतां राब न भाजतां गादीवाफ्यावर रोपें करावीं असें विद्यापीठ सांगतें, आणि जंगल व धूर यांचा विचार करतां तें योग्यच आहे. पण आजा राब कां भाजत असे हें नातवास सांगतां आलें, तर त्याला नवी रीतही अधिक चांगली समजेल.

शहरांत राहणाऱ्या जमीनमालकांस दोन शब्द. डोंबिवलीच्या घरीं बसून गांवच्या शेताचा हिशेब दिवाळींत पोत्यांनीं मोजणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत आम्हीही होतों. आमच्या वडिलांचा एक लहान तुकडा गांवीं आहे. कसणारा वर्षांत तीन वेळां फवाऱ्याचे पैसे मागे व आम्ही देत असूं. कोणता फवारा, कशावर, हें आम्हीं एकदांही विचारलें नाहीं. पैसे देणें सोपें, शेतावर जाणें कठीण. मालकानें निदान श्रावणांत व भाद्रपदांत एकेकदां कसणाऱ्याबरोबर बांधावर उभें राहावें. मातीची तपासणी करून घ्यावी. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ सालापासून आहे, आणि नत्र किती घालावें तें तींत कळतें. वर युरिया व भुंगेऱ्यांचा संबंध सांगितलाच आहे. शिवाय फवारणाऱ्या माणसास हातमोजे, तोंडावरची पट्टी व अंगभर कपडा घेऊन देणें हें मालकाचें काम समजावें. पोत्यांच्या हिशेबांत ही रक्कम कोणी लिहीत नाहीं, ती लिहावी. ज्यांच्याजवळ शेत नाहीं, केवळ गच्चींतील जास्वंदीची कुंडी आहे, त्यांनाही हेंच लागू. पिठ्या ढेंकूण दिसतांच दुकानांतील विषाची बाटली घरांत आणूं नये. आधीं पाण्याच्या जोरदार धारेनें धुवून पाहावें आणि फार किडलेली फांदी छाटावी.

ज्या मुलापासून ही हकीकत सुरू झाली, त्याच्या वडिलांनीं त्या वर्षीं कार्तिकांत भात जमिनीलगत कापलें. "सर, तुमच्या सांगण्यानं कंबर मोडली," असा निरोप त्यांनीं मुलाबरोबर धाडला. पुढच्या श्रावणांत मुलानें शेताच्या पांच ठिकाणीं दहा-दहा चूड मोजून आंकडे वहींत लिहिले, आणि ते घेऊन बापलेक तालुक्याच्या कृषि कार्यालयांत गेले. तेथें त्यांस फवारा मारूं नका असें सांगण्यांत आलें. वडिलांस तें पटलें नाहीं व चार दिवस ते अस्वस्थ होते. पण मुलाच्या आंकड्यांसमोर ते फवारा मारावयास गेले नाहींत. त्याही वर्षीं थोडी पळींज होतीच. दुकानाची उधारी मात्र नव्हती.

तेव्हांपासून नववीच्या वर्गांतील शेतकरी घरांतील मुलें अशा वह्या ठेवीत आहेत. पानाच्या डाव्या बाजूस तारीख, पाऊस व पिकाची अवस्था. उजव्या बाजूस मोजलेले चूड, गाभेमर, अंडीपुंज, कोळी. ओळखूं न येणारी कीड आढळल्यास सबंध चूड मुळासकट उपटून, ओल्या कागदांत गुंडाळून, भोंकें पाडलेल्या पिशवींत घालून त्याच दिवशीं कार्यालयांत न्यावें. दुसऱ्या दिवशीं नेलें तर पुष्कळदां अळी मेलेली व पानें कुजलेलीं असतात. भाषेची तपासणी आम्ही करतों, आंकड्यांची गणिताचे गुरुजी. गेल्या हंगामाच्या वह्या मराठीच्या कपाटांत खालच्या फळीवर आहेत. पालकांस त्या कोणत्याही शनिवारीं शाळा सुटल्यावर पाहावयास मिळतील. येतांना आपल्या घरांतील कीटकनाशकाच्या बाटलीसोबतचें पत्रक आणावें, आपण तें मिळून वाचूं.